फॉक्सचं पुस्तक: खरे कागद आणि आधीच ठरलेला निष्कर्ष

नेटवर ‘फॉक्सेस बुक ऑफ मार्टर्स’ असं शोधलंत तर एक फुकट ई-पुस्तक सहज सापडतं. लेखकाचं नाव जॉन फॉक्स. ते उतरवून घ्या आणि अनुक्रमणिका बघा. शेवटाकडे जॉन बन्यनचं चरित्र आहे, जॉन वेस्लीचंही आहे. बन्यन जन्मला १६२८ साली, वेस्ली १७०३ साली. आणि फॉक्स वारला १५८७ साली.

पीएच.डी.च्या कोर्सवर्कमध्ये ‘स्रोतांचं मूल्यमापन’ या घटकासाठी मी हे पुस्तक निवडलं, तेव्हा पहिले चार दिवस हेच ई-पुस्तक वाचत होते. मी विज्ञानशाखेची; इतिहासाच्या पुस्तकाची आवृत्ती तपासायची असते हे डोक्यातच आलं नाही. प्रयोगशाळेत बाटलीवरचं लेबल आणि बॅच नंबर बघितल्याशिवाय आपण थेंबही घेत नाही, पण पीडीएफ मात्र तशीच उघडतो. वेस्ली दिसला तेव्हा थांबले. तुम्ही पहिल्याच दिवशी थांबा, एवढ्यासाठी हे सांगितलं.

आता मूळ पुस्तकाकडे. नाव ‘ॲक्ट्स अँड मॉन्युमेंट्स’. लंडनच्या जॉन डे या मुद्रकाने ते १५६३ साली छापलं. मोठ्या आकाराची साधारण १८०० पानं. १५७० साली दुसरी आवृत्ती दोन खंडांत आली, ती २३०० पानांच्या घरात. मग १५७६ आणि १५८३. फॉक्सच्या हयातीत अशा चार इंग्रजी आवृत्त्या निघाल्या आणि त्या चारही एकमेकींपेक्षा वेगळ्या आहेत. त्याआधी दोन लॅटिन पुस्तकंही होती, १५५४ चं स्ट्रासबर्गला आणि १५५९ चं बाझेलला छापलेलं.

पार्श्वभूमी थोडक्यात. आठव्या हेन्रीने रोमशी संबंध तोडले, सहाव्या एडवर्डच्या काळात इंग्लंड पुरतं प्रोटेस्टंट व्हायला लागलं, आणि १५५३ साली मेरी राणी आली ती देश पुन्हा कॅथलिक करायला. फेब्रुवारी १५५५ ते नोव्हेंबर १५५८ या पावणेचार वर्षांत सुमारे २८० माणसांना पाखंडी ठरवून खांबाला बांधून जिवंत जाळलं गेलं. बिशप होते, पण बरेचसे विणकर, मजूर, विधवा, घरातल्या लेकीसुना. फॉक्स या काळात इंग्लंडमध्ये नव्हता. १५५४ सालीच तो देश सोडून गेला होता आणि बाझेलमध्ये ओपोरिनस नावाच्या मुद्रकाकडे प्रुफं तपासून पोट भरत होता. म्हणजे ज्या घटनांसाठी त्याचं पुस्तक ओळखलं जातं, त्यांतली एकही त्याने डोळ्यांनी पाहिलेली नाही. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

बरेच जण या पुस्तकाला ‘हुतात्म्यांच्या गोष्टींचा संग्रह’ समजतात. तसं ते नाही. तो एक युक्तिवाद आहे. कॅथलिक पक्ष प्रोटेस्टंटांना एक अडचणीचा प्रश्न विचारायचा: लूथरच्या आधी तुमचं चर्च होतं कुठे? दीड हजार वर्षं सगळे चुकले आणि तुम्हालाच काल साक्षात्कार झाला का? प्रश्न बिनतोड आहे. फॉक्सचं उत्तर असं, की खरं चर्च कायम होतंच, फक्त छळलं जात होतं. रोमन सम्राटांनी मारलेले ख्रिस्ती, मग विक्लिफ, मग हुस, मग इंग्लंडमधले लोलार्ड, आणि शेवटी मेरीच्या काळात जाळलेले लोक, ही एकच अखंड साखळी. आणि छळ करणारेही एकाच साखळीतले: आधी रोमचा सम्राट, नंतर रोमचा पोप. पोप हाच बायबलमधला ख्रिस्तविरोधक, हे त्याचं प्रमेय. त्यामुळे प्रत्येक हुतात्मा हा त्याच्यासाठी एक माणूस तर होताच, पण एक विदाबिंदूही होता. सगळे बिंदू एका रेषेवर यायला हवे होते.

प्रचारकी पुस्तक आहे म्हणून पुरावा कच्चा असेल, असं मी धरून चालले होते. तिथे मी साफ चुकले. फॉक्सने केलेलं काम आजही दम काढील असं आहे. त्याने बिशपांच्या दफ्तरांतल्या खटल्यांच्या नोंदी मिळवल्या, तुरुंगातून लिहिलेली पत्रं गोळा केली, जाळताना हजर असलेल्यांच्या आठवणी लिहून घेतल्या. परदेशात असताना एडमंड ग्रिंडलसारखे लोक त्याला कागद पुरवत होते. शत्रूने तयार केलेली कागदपत्रंही तो लांबच्या लांब छापतो. बिशप लाँगलंडने १५२१ च्या सुमारास बकिंगहॅमशायरच्या लोलार्डांची चौकशी केली; ते मूळ दफ्तर आज नाही. त्या माणसांबद्दल आपल्याला जे माहीत आहे ते बव्हंशी फॉक्सने उतरवून ठेवलं म्हणून. पोपच्या कट्टर शत्रूने पोपच्या बिशपाचं दफ्तर जपलं, असं झालं.

मग या पुस्तकात खोट कुठे आहे? मला तीन जागा दिसल्या. तिन्ही सारख्या वजनाच्या नाहीत.

पहिली सर्वांत प्रसिद्ध. १६ ऑक्टोबर १५५५ रोजी ऑक्सफर्डला ह्यू लॅटिमर आणि निकोलस रिडली या दोन बिशपांना एकत्र जाळलं. चितेवर म्हाताऱ्या लॅटिमरने रिडलीला धीर दिला आणि आपण आज इंग्लंडमध्ये न विझणारी मेणबत्ती पेटवतोय अशा अर्थाचं काहीतरी तो बोलला, हे इंग्लंडमध्ये पिढ्यान्‌पिढ्या शाळकरी पोरांना पाठ असायचं. आता गंमत बघा. १५६३ च्या आवृत्तीत हे वाक्य नाही. ते पहिल्यांदा दिसतं १५७० मध्ये, घटनेनंतर पंधरा वर्षांनी. शिवाय त्याची सुरुवात दुसऱ्या शतकातल्या पॉलिकार्प या हुतात्म्याला ऐकू आलेल्या आकाशवाणीशी जुळते, आणि ती युसेबियसच्या ग्रंथात आहे. फॉक्सला युसेबियस चांगलाच माहीत होता. थॉमस फ्रीमन या अभ्यासकाने आवृत्त्या शेजारी ठेवून हा मुद्दा लावून धरला.

लगेच ‘फॉक्सने वाक्य रचलं’ असं लिहून टाकू नका. दोन आवृत्त्यांच्या मधे त्याला नवा साक्षीदार भेटला असेल. रिडलीच्या बहिणीचा नवरा तर चितेजवळ हजर होता. लॅटिमर स्वतः मुरलेला प्रवचनकार, पॉलिकार्पची गोष्ट त्यालाही ठाऊक असणार. मरताना त्यानेच ती आठवून वापरली असेल. तिसरी शक्यता, सांगणाऱ्याच्या आठवणीतच ती कथा मिसळली. नोंद एवढीच करता येते: वाक्य उशिरा आलं, आणि त्याला ओळखीचा साचा आहे. यापुढचं ठरवायला पुरावा नाही. संशोधनात इथे थांबता येणं फार अवघड जातं, कारण आपल्याला निबंधात ‘सिद्ध होते’ लिहायचं असतं.

दुसरी जागा साध्या चुकांची. संगीतकार जॉन मार्बेक याला १५४३ साली विंडसरला इतरांबरोबर दोषी ठरवलं होतं, पण त्याला माफी मिळाली आणि तो पुढे कित्येक वर्षं जगला. १५६३ च्या आवृत्तीत मात्र तो जाळला गेल्याचं छापलं गेलं. जिवंत माणूस हुतात्म्यांच्या यादीत! विरोधकांनी हे सोडलं नाही. याहून मजेदार प्रकार एका खटल्याच्या अहवालात आहे. सफोकमधल्या ग्रीनवुड नावाच्या माणसाने खोटी साक्ष दिली आणि देवाच्या कोपाने तो भयंकर मरण पावला, अशी कथा एका पाद्र्याने फॉक्सच्या आधाराने प्रवचनात सांगितली. ग्रीनवुड तेव्हा धडधाकट होता, आणि त्याच चर्चमध्ये बसून ते प्रवचन ऐकत होता. त्याने बदनामीचा दावा लावला. पाद्री सुटला, कारण त्याने ती पुस्तकातली गोष्ट म्हणून सांगितली होती, मनात आकस नव्हता. एडवर्ड कोकने सतराव्या शतकाच्या सुरुवातीला दुसऱ्या एका खटल्यात हा दाखला दिला, म्हणून तो टिकला. संदर्भ न तपासता उद्धृत करणाऱ्याला न्यायालयाने सोडलं, असं हे फारच जुनं उदाहरण म्हणायचं. तुमच्या व्हायव्हाला हा बचाव चालणार नाही.

या चुकांमुळे पुस्तक फेकून द्यावं असं मला वाटत नाही. हजारो नोंदींत चुका होणारच, आणि फॉक्स त्या दुरुस्त करत होता. त्याला दुरुस्त करायला लावणारा माणूस महत्त्वाचा आहे: निकोलस हार्प्सफील्ड. कँटरबरीचा आर्चडीकन, मेरीच्या काळात केंटमधल्या पाखंड-खटल्यांत त्याचा स्वतःचा हात होता, आणि एलिझाबेथच्या काळात तो तुरुंगात होता. तिथून त्याने लॅटिनमध्ये सहा संवाद लिहिले. ते १५६६ साली अँटवर्पला ॲलन कोप या मित्राच्या नावाने छापले गेले, आणि त्यात फॉक्सची चिरफाड होती. उदाहरणार्थ, सर जॉन ओल्डकॅसलला फॉक्सने हुतात्मा म्हटलं; हार्प्सफील्ड म्हणाला, तो राजाविरुद्ध उठलेला बंडखोर होता, हुतात्मा कसला? फॉक्स चिडला, पण त्याने काम केलं. पुन्हा बखरी उपसल्या, १५७० च्या आवृत्तीत ओल्डकॅसलवर लांबलचक उत्तर घातलं, इतरत्र गुपचूप दुरुस्त्या केल्या. १५७० चं पुस्तक १५६३ पेक्षा इतकं भक्कम आहे, याचं बरंचसं श्रेय त्याच्या सर्वांत कडव्या वैऱ्याला जातं. आपले मार्गदर्शक ‘छान आहे, पुढे चला’ म्हणतात तेव्हा आपण खूश होतो. मला वाटतं आपल्याला एखादा हार्प्सफील्ड हवा असतो.

तिसरी जागा मला खरी गंभीर वाटते, आणि तिथे कुठलंही वाक्य खोटं नाही. मेरीच्या तुरुंगांत प्रोटेस्टंट कैदी आपापसांत भांडत होते. काही जण पूर्वनियती मानत नव्हते. माणसाला इच्छास्वातंत्र्य आहे म्हणायचे. जॉन ब्रॅडफर्डसारखे पुढारी त्यांच्याशी कडाक्याचा वाद घालत होते. दोन्ही बाजूंचे लोक त्याच राजवटीने पकडलेले. फॉक्सच्या पुस्तकात हा वाद जवळजवळ दिसत नाही. जुन्या लोलार्डांचंही तेच. त्यांच्यातल्या काहींची बाप्तिस्म्याबद्दलची मतं फॉक्सला स्वतःलाच पाखंडी वाटण्याजोगी होती; ती त्याने कुठे गाळली, कुठे कारकुनाने चुकीचं लिहिलं असावं असं म्हणून बाजूला सारली. जे कागद छापले ते खरे. जे सोडले तेही खरेच होते. पण साखळी अखंड दिसायला हवी होती, आणि हे लोक साखळीत बसत नव्हते.

तुम्ही विज्ञानाचे असाल तर हे तुम्हाला लगेच ओळखू येईल. एम.एस्सी.च्या प्रकल्पात मीही एकदा आलेखातला एक न जुळणारा बिंदू ‘उपकरणाची चूक’ म्हणून काढला होता. उपकरण मी तपासलं नव्हतं. बाकीचे बिंदू शंभर टक्के खरे होते, रेषा सुंदर आली, गुणही मिळाले. फॉक्सने कारकुनाला दोष दिला, मी उपकरणाला.

आणखी एक हत्यार त्याच्याकडे होतं, समास. मूळ दस्तऐवज मधल्या रकान्यात पूर्ण छापायचा आणि कडेला बारीक अक्षरात टिपणी करायची: इथे हा बिशप कसा अडकला, इथे युक्तिवाद कसा पोकळ आहे, इथे पोपचा लोभ बघा. वाचणाऱ्याला वाटतं आपण स्वतः पुरावा वाचून मत बनवतोय. मत कडेला आधीच तयार असतं. चित्रांचंही तसंच. पहिल्या आवृत्तीत पन्नासेक लाकडी ठशांची चित्रं होती, दुसरीत शंभरावर. लंडनचा बिशप बॉनर आपल्या बागेत एका कैद्याला फटके मारतोय असं एक चित्र आहे. जाडजूड, घामाघूम बॉनर. जॉन हॅरिंग्टन सांगतो की कुणीतरी हे चित्र बॉनरला दाखवलं तर तो हसला आणि माझं रूप इतकं हुबेहूब कसं उतरवलं या मूर्खाने, असं म्हणाला. किस्सा आहे, त्यावर फार भार टाकू नका.

हे सगळं एकतर्फी होतं का? नाही. एलिझाबेथच्या काळात पारडं फिरलं. १५७० साली पोप पाचव्या पायसने तिला पदच्युत घोषित केलं आणि कॅथलिक असणं व राजद्रोही असणं यांतलं अंतर सरकारच्या नजरेत मिटत गेलं. १५८५ च्या कायद्याने परदेशात दीक्षा घेतलेल्या इंग्रज कॅथलिक पाद्र्याने देशात नुसतं असणं हाच राजद्रोह ठरला. फाशी देऊन, पोट फाडून, तुकडे करून मारण्याची शिक्षा. त्याच्या आगेमागे कॅथलिकांनीही हुबेहूब फॉक्सच्या धाटणीची पुस्तकं काढली. विल्यम ॲलनने १५८२ साली बारा पाद्र्यांच्या हौतात्म्याचा वृत्तांत छापला. रिचर्ड व्हर्स्टेगनने १५८७ साली अँटवर्पहून तांब्याच्या ठशांच्या चित्रांचं पुस्तक काढलं. त्यात यॉर्कची मार्गारेट क्लिथरोही आहे. पाद्र्यांना आसरा दिल्याचा आरोप होता, तिने खटल्यात जबाब द्यायला नकार दिला, म्हणून मार्च १५८६ मध्ये तिला वजनाखाली चिरडून मारलं. एलिझाबेथचा मंत्री बर्ली म्हणत होता, आम्ही कुणाला धर्मासाठी मारत नाही, राजद्रोहासाठी मारतो. ॲलनने १५८४ मध्ये उत्तर दिलं की हे राजद्रोहाचं नाव फक्त आवरण आहे. भांडण सगळं वर्गीकरणाचं. मृतदेह किती यावर वाद नव्हता, तो कुठल्या रकान्यात टाकायचा यावर होता. ओल्डकॅसलच्या बाबतीत हार्प्सफील्डने हेच हत्यार फॉक्सवर चालवलं होतं, हे तुमच्या लक्षात आलं असेलच.

जाता जाता: याच इंग्लंडमधून बाहेर पडलेला एक कॅथलिक तरुण रोमला जाऊन जेझुइट झाला आणि १५७९ साली गोव्यात उतरला. फादर थॉमस स्टीफन्स, ‘क्रिस्तपुराण’वाले. आपण त्यांना मराठी ओवीमुळे ओळखतो. मायदेशी राहून पाद्री झाले असते तर कदाचित व्हर्स्टेगनच्या चित्रांत असते. आणि ज्या गोव्यात ते उतरले तिथे १५६० पासून इन्क्विझिशन चालू होतं. छळलेला पक्ष आणि छळणारा पक्ष यांचा नकाशा देश बदलला की उलटा होतो. फॉक्सच्या साखळीत याला जागाच नाही.

या पुस्तकाची कीर्तीही झोके घेत राहिली. १५७१ साली प्रत्येक कॅथेड्रलमध्ये आणि बिशप वगैरेंच्या घरी प्रत ठेवावी असं चर्चच्या सभेने ठरवलं. (‘प्रत्येक गावच्या चर्चमध्ये सक्तीने ठेवली’ असं बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं सापडेल, हुकूम तसा नव्हता, अनेक गावांनी आपणहून घेतली.) एकोणिसाव्या शतकात कॅटलीने आठ खंडांची आवृत्ती काढली, पण आवृत्त्यांची सरमिसळ केली आणि मजकुरात हात घातला. त्याच सुमाराला मेटलंडने फॉक्सला अविश्वसनीय ठरवून टाकलं. १९४० साली मोझलीने पुस्तक लिहून त्याची प्रतिष्ठा परत आणली. १९६३ साली विल्यम हॅलरने मांडलं की या ग्रंथाने इंग्रजांना आपण देवाने निवडलेलं राष्ट्र आहोत अशी जाणीव दिली. पुढच्या अभ्यासकांनी ते खोडून काढलं, कारण फॉक्सचं चर्च एका देशापुरतं नाहीच. गंमत म्हणजे यातल्या बऱ्याच वादांत दोन्ही बाजू कॅटलीचीच आवृत्ती उघडून भांडत होत्या.

म्हणून माझं मत विचाराल तर ‘फॉक्स विश्वासार्ह आहे का?’ हा प्रश्नच ढोबळ आहे. दस्तऐवज उतरवणारा म्हणून तो विश्वासार्ह, तोंडी कथा घेणारा म्हणून कमी, निवड करणारा म्हणून आणखी कमी, आणि सगळ्यांचा अर्थ लावणारा म्हणून तो वकील आहे. एकाच पानावर हे चारही फॉक्स भेटतात. ‘पक्षपाती स्रोत’ असा शिक्का मारून पुढे जाणाऱ्याला यातलं काहीच दिसत नाही.

माणूस म्हणूनही तो सोपा नाही. १५७५ साली लंडनमध्ये काही डच ॲनाबाप्टिस्टांना पाखंडासाठी जाळायचं ठरलं, ते प्रोटेस्टंट एलिझाबेथच्याच राज्यात. त्यांची मतं फॉक्सला अजिबात मान्य नव्हती. तरी त्याने राणीला पत्र लिहून विनवलं की हवी ती दुसरी शिक्षा द्या, पण आगीत टाकू नका. राणीने ऐकलं नाही. जुलैमध्ये स्मिथफील्डला दोघांना जाळलं. १५७६ आणि १५८३ च्या आवृत्त्या त्यानंतर निघाल्या. त्याच्या साखळीत ते दोघे अर्थातच नाहीत.

चारही आवृत्त्यांचा संपूर्ण मजकूर शेफील्ड विद्यापीठाच्या प्रकल्पाने ऑनलाइन खुला केला आहे, टीकाकारांच्या नोंदींसह, फुकट. एक संध्याकाळ काढा. १५६३ मधलं लॅटिमरच्या मृत्यूचं पान उघडा, शेजारच्या टॅबमध्ये १५७० मधलं, आणि काय वाढलं, काय गेलं, समासात काय बदललं याची दोन रकान्यांत यादी करा. मला साडेतीन तास लागले. ई-पुस्तक वाचण्यात घालवलेल्या चार दिवसांपेक्षा त्यातून जास्त हाती आलं.